कंग्राळकरांचं अर्धं वाक्य

माझ्याइतकी भाषणं ऐकलेला माणूस बेंगळुरात दुसरा कुणी हयात असेल असं मला वाटत नाही. नुसती ऐकली नाहीत, लिहूनही घेतली आहेत. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून पुढं बरीच वर्षं मी पोलीस खात्यात लघुलेखक होतो. पोलीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दंडा येतो. माझ्याकडं पेन्सिल असे, तीही दोन्ही टोकांना तासलेली. एक टोक मोडलं म्हणून पुढारी बोलायचा थांबत नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "काका, पोलिसातल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं." लिहितो. पण त्या निमित्तानं मंडळाच्या सभागृहातल्या एका भिंतीचा खुलासाही करून टाकतो. आत शिरताना उजव्या हाताला निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत एक वाक्य रंगवलेलं आहे: 'आत का टाकलं हे सांगत नाहीत तोवर त्या दारासमोरून कुणीही हलायचं नाही.' खाली नाव, कै. दत्तात्रय कंग्राळकर. गेल्या गणपतीत माझी नातसून मारतहळ्ळीहून आली होती. तिनं मला त्या वाक्याखाली उभं केलं. "आजोबा, जरा ताठ उभे राहा ना, स्टेटसला ठेवते." मी ताठ उभा राहिलो. गुन्हेगाराचे फोटो खातं काढतं हे मला माहीत होतं. नातसून काढते हे नवीन होतं.

कारण ते वाक्य कंग्राळकर कधी बोललेच नव्हते. ते माझं आहे. त्यापायी त्यांची नोकरी गेली, आणि माझी राहिली.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी निपाणीकडचा. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत मास्तर भेटेल ती भाषा. भाषावार राज्यं झाली तेव्हा आमचा मुलूख म्हैसूर राज्यात आला, आणि सरकारच्या लक्षात आलं की आपल्या राज्यात आता मराठीतूनही सरकारला शिव्या दिल्या जाणार. त्या टिपून घेणारा कुणीतरी हवा. मला मराठी लघुलेखन येत होतं, इंग्रजी टायपिंग येत होतं, कानडी समजत होती. मला बेंगळुरात आणून बसवलं.

आमच्या शाखेला लोक गुप्त म्हणत. मी मात्र सभेत सगळ्यांच्या पुढं, व्यासपीठाच्या पायथ्याशी, टेबल-खुर्ची घेऊन बसलेला असे. टेबल-खुर्चीची सोय सभा भरवणाऱ्यांनीच करायची अशी पद्धत होती आणि ते ती आनंदानं करत. मागं बसलेल्यांच्या ओळखीचा वक्ता नसे, मी असे. मला उशीर झाला तर सभा थांबे. सरकारी माणूस टिपून घ्यायला आला नाही तर आपण बोलून काय उपयोग, असा त्या काळच्या पुढाऱ्यांचा सरळ हिशेब होता.

त्यातला एक बेळगावकडचा पुढारी सुरुवातच अशी करी, "बंधूंनो, भगिनींनो आणि आमचे सरकारी जावईबापू!" मग माझ्याकडं हात करून, "लिहिलासा? जावईबापू, लिहिलासा?" सभा हसे. मी कंसात 'हशा' असं लिही. स्वतःच्या नावानं झालेला हशा स्वतःच्या हातानं टिपायचा, ही आमच्या धंद्यातली खास चव. दुसरे एक गृहस्थ इतक्या वेगानं बोलत की एकदा मी पेन्सिल खाली ठेवून हात झटकला. ते लगेच थांबले. "दमलासा होय? पाणी द्या रे यांना. तोवर मी मंडळींना एक गोष्ट सांगतो, ती लिहू नका." तिसऱ्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, "साहेब काल झकास काहीतरी बोलले म्हणे. त्यांना आठवंना. तुमच्याकडं आहे की!" आणि एका छोट्या पक्षाच्या अध्यक्षांनी तर खात्याकडं रीतसर तक्रार केली होती, की माझ्या सभेला रिपोर्टर का पाठवला नाही, मी काय फुसका माणूस आहे?

कामाचे नियम साधे होते. बोललं जाईल ते सगळं शब्दशः टिपायचं. टाळ्या, हशा, घोषणा कंसात. सभेतल्या सूचना मात्र टिपायच्या नाहीत. मूल हरवलं आहे, कुणाची तरी चप्पल बदलली आहे, पाऊस येतोय, मागच्यांनी पुढं सरका, हे भाषण नव्हे. त्यातून राज्य उलथत नाही. मग वही घेऊन कचेरीत यायचं, टिपलेलं इंग्रजीत टाइप करायचं आणि आमच्या गौडासाहेबांपुढं ठेवायचं. ते वाचून वर पाठवत. वर म्हणजे कुठं, ते आम्ही विचारत नसू.

वर्तमानपत्रांचे बातमीदार मोठ्या पुढाऱ्यांच्या सभेला येत. लहान सभांना कुणी येत नसे. त्यांची पानं मंत्र्यांच्या उद्घाटनांनी भरलेली असत. कॉटनपेटेत शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जी मोकळी जागा होती, तिथं रविवारी संध्याकाळी चाळीसएक मराठी माणसांपुढं कोण काय बोललं, हे जगात फक्त मी लिहून घेत असे.

तिथं बोलत ते कंग्राळकर.

दत्तूअण्णा कंग्राळकर सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला सुटा भाग मापात बसतो की नाही हे गेज लावून बघायचं आणि केसभर फरक असला तरी बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. कामात इतका काटेकोर माणूस, पण बोलताना एक वाक्य पुरं करत नसे. बारीक अंगाचे, वर बटणं लावलेला शर्ट, हातात नेहमी छत्री. त्यांनी चार-पाच मित्रांना घेऊन नागरिक हक्क समिती काढली होती. विषय मोठे असत: माणसाला अटक केली तर कारण सांगितलं पाहिजे, रेडिओवर सरकारच्या विरोधी बाजूलाही बोलू दिलं पाहिजे, वर्तमानपत्रानं सरकारी कागद जसाच्या तसा छापू नये. आज हे वाचताना कुणाला वाटेल यात काय विशेष. तेव्हाही काही विशेष वाटत नसे. फक्त कुणी मोठ्यानं म्हणत नसे.

त्यांचं भाषण मात्र असं: "आता रेडिओचं बघा... रेडिओ कुणाचा? आपण लायसनचे पैसे... म्हणजे ऐकणारा मी आणि बोलणारा... दोन्ही बाजू जर... सरी, तुम्हाला कळलं की मला काय... असो." सरी म्हणजे कानडीत ठीक. असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडं वळत. गंमत म्हणजे समोरच्या चाळीस जणांना कळलेलं असे. शिंपीगल्लीतले म्हातारे मान डोलवत. मला मात्र त्या ठिपक्यांचं इंग्रजी करावं लागे.

मी पहिला अहवाल जसाच्या तसा दिला. गौडासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"इदु एनु री? हे काय आहे? भाषण आहे की तार? 'ऐकणारा मी आणि बोलणारा.' मुंदे एनु?"

मुंदे एनु म्हणजे पुढं काय.

"पुढं काही नाही सर. ते असेच बोलतात."

"मनुष्य सभा घेतो, टेबल मांडतो, आणि पुढं काही नाही? मी वर काय पाठवू? वरचे मला विचारतील, मुंदे एनु? पुरं लिहून आण."

मी पुरं लिहून आणलं. सुरुवातीला अगदी थोडं. 'ऐकणारा मी आणि बोलणारा फक्त सरकार, हे बरोबर नाही.' त्यांना तेच म्हणायचं होतं, यात शंका नव्हती. साहेब खूश झाले. "सरी. आता कळलं." मग मला ती सवयच लागली. सभेत टिपताना कंग्राळकर जिथं अडखळत तिथं मी वहीत दोन-तीन बोटं कोरी जागा सोडत असे आणि नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून ती भरत असे. हात बरा चालायचा. लहानपणी मला लेखक व्हायचं होतं, ते तिथं, सरकारी खर्चानं, थोडंथोडं होऊन घेतलं.

त्या हॉटेलातच आमची ओळख वाढली. सभा संपली की कंग्राळकर छत्री हलवत यायचे. "रिपोर्टरअण्णा, बाय-टू?" एक कॉफी, दोन पेल्यांत. सरकारविरुद्ध बोलणारा आणि सरकारसाठी टिपणारा अर्धी-अर्धी कॉफी पीत बसलेत याचं तिथं कुणालाही नवल वाटत नसे.

एकदा ते म्हणाले, "वाचा की स्वल्प. काय बोललो मी आज?"

नियमात बसत नव्हतं. पण मी वाचून दाखवलं, भरलेल्या जागांसकट. ते पेला हातात धरून ऐकत राहिले.

"मी असं बोललो?"

"साधारण."

"छान बोललो की हो!" म्हणाले, आणि पुढच्या रविवारी त्यांनी माझी दोन वाक्यं जशीच्या तशी म्हटली. तिथं ते अडखळले नाहीत. टाळ्या पडल्या. मी कंसात 'टाळ्या' लिहिलं, आणि खोटं कशाला सांगू, माझी मान जरा वर झाली.

इकडं कचेरीत गौडासाहेब म्हणू लागले, "हा कंग्राळकर सुधारतोय. बोलायला लागलाय. लक्ष ठेवायला पाहिजे." वरूनही विचारणा येऊ लागली. चाळीस माणसांपुढं पुटपुटणाऱ्या एका तपासनिसाला मी माझ्या टाइपरायटरवर मोठा वक्ता करून ठेवला होता. माझ्या हे लक्षात आलं नाही असं नाही. पण लेखकाला वाचक मिळाले की तो कुठं थांबतो?

चीनच्या युद्धाच्या वेळची गोष्ट. देशाच्या संरक्षणासाठी म्हणून सरकारनं कायदे आणले होते आणि कुणालाही कारण न सांगता आत ठेवता येत होतं. शिंपीगल्लीच्या मागच्या बाजूला मारुती नावाचा एक कंपोझिटर राहत असे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्यानं जुळवलेल्या मजकुरात एक पत्रक होतं, ते सरकारला आवडलं नाही. पत्रक लिहिणारा सापडला नाही, छापखान्याचा मालक शेठ होता, मारुतीला उचललं. त्याची बायको रोज सकाळी डबा घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची. शिपाई विचारायचा, कशासाठी आत आहे? ती म्हणायची, तेच विचारायला आले. शिपाई म्हणायचा, आम्हाला सांगायची परवानगी नाही. मग ती तिथंच उभी राहायची.

माझ्या सायकलचा कचेरीचा रस्ता त्या दारावरून जात असे. मी रोज तिला बघत होतो. तिनं मला ओळखलं असावं, कारण एकदा ती हाक मारायच्या बेतात पुढं आली होती. मी घंटी वाजवली आणि निघून गेलो. सरकारी नोकराला मत नसतं. पगाराबरोबर ते जमा करून घेतात. मला मात्र होतं, चांगलं घशापर्यंत आलेलं होतं, आणि ते ज्याला सांगावं असा एकही माणूस नव्हता. घरी बायकोला दिवस गेलेले, तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

त्या रविवारी कंग्राळकरांनी मारुतीचा विषय काढला. आभाळ भरून आलं होतं. लोक नेहमीपेक्षा जास्त होते आणि मारुतीची बायकोही मागं भिंतीला टेकून उभी होती. कंग्राळकर बोलत बोलत शेवटाकडं आले, अडखळले, पुन्हा अडखळले. मी वहीत जागा सोडली. तेवढ्यात टपोरे थेंब आले. ते छत्र्यांबद्दल काहीतरी म्हणाले, सभा मोडली, मी वही सदऱ्याखाली घालून हॉटेलाकडं पळालो. छत्र्यांचं मी टिपलं नाही. सूचना टिपायच्या नसतात.

हॉटेलाच्या पत्र्याखाली उभ्यानं मी ती कोरी जागा भरली. नेहमी मी विचार करायचो की यांना काय म्हणायचं होतं. त्या दिवशी केला नाही. मला काय म्हणायचं होतं तेच लिहिलं. आत का टाकलं हे सांगत नाहीत तोवर त्या दारासमोरून कुणीही हलायचं नाही. एका दमात उतरलं. इतकं सुरेख वाक्य माझ्या हातून त्याआधी उतरलं नव्हतं, नंतरही नाही. मान वर केली तर समोर रस्त्यापलीकडं कंग्राळकर पावसात उभे. ते माझ्याकडं बघत होते. छत्री जवळ नव्हती, नखशिखांत भिजले होते. आत येऊन त्यांनी डोकं पुसलं आणि म्हणाले, "बाय-टू?"

त्या दिवशी त्यांनी वाचून दाखवा म्हटलं नाही.

गौडासाहेबांनी अहवाल वाचला. 'मुंदे एनु' असं त्यांनी विचारलं नाही. ते उठले आणि कागद स्वतः वर घेऊन गेले. तुरुंगाला वेढा घालण्याची चिथावणी, असा त्याचा अर्थ वर लागला. कंग्राळकरांना अटक झाली नाही. त्याला कारण युद्ध लवकर संपलं म्हणा किंवा कुणालातरी दया आली म्हणा. पण कारखान्याला कळवलं गेलं, आणि कारखान्यानं त्यांच्यावर चौकशी लावली. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार, क्वार्टर जाणार. घरात बायको आणि दोन मुली.

चौकशीला साक्षीदार एकच होता.

कारखान्याच्या कचेरीत एका लांब टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी बसले होते, एक सभ्य, थकलेले गृहस्थ. एका बाजूला कंग्राळकर आणि त्यांच्या मदतीला युनियनचे चिटणीस. दुसऱ्या बाजूला मी. खिडकीबाहेर जेवणाच्या सुट्टीतले कामगार डब्यांसकट गोळा झाले होते.

चिटणीस कंग्राळकरांना कुजबुजत सांगत होते, पण त्यांची कुजबुज कामगार पुढाऱ्याची, सगळ्या खोलीला ऐकू येत होती. "सरळ नाही म्हणायचं. पेपरात एक ओळ आलेली नाही. तुझा शब्द आणि यांची वही, तिसरा पुरावाच नाही."

अधिकाऱ्यांनी मला मूळ मराठी वाचायला सांगितलं. मी वाचलं.  खिडकीबाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "वा अण्णा!"

"हे शब्दशः आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो.

"कंग्राळकर, साक्षीदाराला काही विचारायचंय?"

कंग्राळकर उभे राहिले. त्यांनी मला पत्र्याखाली लिहिताना पाहिलं होतं. सभा संपल्यावर हे काय लिहीत होता, एवढं विचारलं असतं तरी माझी पेन्सिल गेली असती, आणि नोकरी, आणि कदाचित मीही आत.  जावईबापू म्हणून हसणाऱ्या सभा परवडल्या.

"रिपोर्टरअण्णा," ते म्हणाले, "त्या दिवशी पाऊस फार होता. वही भिजली नाही ना तुमची?"

"नाही."

"मग झालं." ते अधिकाऱ्यांकडं वळले. "मला काही विचारायचं नाही."

"हे वाक्य तुम्ही बोललात?"

चिटणीसांनी त्यांची बाही ओढली. कंग्राळकरांनी ती सोडवून घेतली.

"बोललो," ते म्हणाले.

इतकं पुरं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मला पुष्कळ बोलायचं होतं आणि मलाच अडखळायला होत होतं. शेवटी म्हणालो, "का? तुम्ही नाही म्हणू शकला असता."

"आणि मग? तुमची वही खोटी ठरली असती. तुमच्या घरी आता... बाळंतपण आलंय की हो तोंडावर." ते थोडं चालले. "आणि दुसरं असं, की ते वाक्य... म्हणजे मला जर कधी..." ते थांबले. "असो."

तेवढं एक अर्धं वाक्य मी भरलं नाही. आजपर्यंत मनात भरून पाहतोय, दर वेळी वेगळं बसतं. कधी त्यात कौतुक येतं, कधी शिवी.

त्यांची नोकरी गेली. क्वार्टर सोडून ते हेब्बाळ तळ्याच्या अलीकडं, तेव्हा तिथं भाजीची शेतं होती, तिथल्या एका दोन खोल्यांच्या घरात गेले. मी महिन्याभरानं भेटायला गेलो. ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम शोधायला गेले होते. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणत असू, तिनं मला पाटावर बसवलं आणि भाकरी वाढली. नको म्हणायची सोय ठेवली नाही.

"एक विचारू?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "सगळा कारखाना ते वाक्य म्हणतोय. गेटवर पोरं ओरडतात. पण मला खरं वाटंना. घरात आमटीत मीठ कमी आहे हे सांगायलाही या माणसाचं वाक्य पुरं होत नाही. 'आमटी जरा...' म्हणतात आणि जेवून उठतात. तुम्ही तिथं होतासा. खरंच बोलले हो ते असं?"

चौकशीत मी खोटं बोललो तेव्हा निदान भीती होती. इथं कसली भीती? समोर चूल, हातात भाकरी. पण अक्काच्या तोंडावर काहीतरी होतं. नवऱ्याची नोकरी गेली होती, घर गेलं होतं, आणि त्याच्या बदल्यात हातात एकच गोष्ट आली होती, ते वाक्य. ते मी काढून घेऊ?

"बोलले," मी म्हणालो.

अक्का हसली. "मग ठीक," म्हणाली, आणि आणखी एक भाकरी वाढली. दयेपोटी बोललो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण दया करणाऱ्याला एवढा घाम येत नाही.

मारुती काही महिन्यांनी सुटला. का सुटला तेही कुणी सांगितलं नाही.

कंग्राळकर बोलायचे थांबले नाहीत. रविवारी तीच जागा, तोच विषय, तेच ठिपके. मला पाठवलं जाई. आता मी जसंच्या तसं टिपू लागलो, अडखळण्यासकट. गौडासाहेब कागद उलटसुलट करून बघत. "मुंदे एनु?"

"मुंदे एनू इल्ल, सर." पुढं काही नाही.

"याचं डोकं फिरलं की तुझा हात गेला?"

हळूहळू वरचा उत्साह ओसरला. अहवाल कंटाळवाणे झाले आणि कंग्राळकरांच्या सभेला मला पाठवणं बंद झालं. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काय रिपोर्टरअण्णा, येत नाहीसा आता? मी फुसका झालो होय?" छत्रीनं माझ्या पोटरीवर हलकंच टोचलं. आम्ही बाय-टू घेतली. पुढं शहराबाहेर पीण्या भागात कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांनी तिथं छोटंसं वर्कशॉप टाकलं, मुलींची लग्नं केली. अडचणीचे दिवस गेले. पण कारखान्यातल्या त्या काटेकोर कामाबद्दल ते बोलायला लागले की वाक्य फारच लवकर सोडून देत.

आता ते नाहीत, अक्काही नाही. आज टीव्हीवर बघतो, कुणाचंही अर्धं वाक्य कापून दिवसभर दाखवतात आणि त्यावर आठ माणसं भांडतात. आम्ही निदान वाढवत तरी होतो, असं म्हणून मी घरात विनोद करतो. पण दोन्ही एकच. बोलणाऱ्याला स्वतःच्या मापाचं बोलू देत नाहीत. नीट बोलता येणाऱ्यांच्या स्वातंत्र्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. ज्याला नीट बोलता येत नाही त्यालाही चुकतमाकत, त्याचं त्याला बोलू द्यायला हवं, आणि ऐकणाऱ्यानं तेवढंच ऐकायला हवं. माझं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं, त्यामुळं एवढं म्हणायचा अधिकार मी घेतो. आता पेन्शनीतलं मत कुणी जमा करून घेत नाही.

मंडळाला माझी विनंती आहे. ते निळं वाक्य पुसायचं असेल तर पुसा, ठेवायचं तर खालचं नाव काढा. माझं नाव घालू नका. आणि शेजारी जागा असेल तर त्या संध्याकाळी कंग्राळकर खरोखर काय बोलले ते लिहा. वही कधीच गेली, पण लघुलेखकाच्या हाताला आठवतं. त्यांचे शब्द असे होते. छत्र्यांची सूचनाही घेतली आहे. नियमानं ती घ्यायची नसते, म्हणून तेव्हा घेतली नव्हती.

"तो आपला मारुती... आत का टाकलं हे निदान त्याच्या बायकोला तरी... आणि नाही सांगितलं तर आपण... म्हणजे आपण सगळ्यांनीच... सरी, असो. थेंब आले. छत्री कुणाकडं आहे? कुणाकडंच नाही? मग ही माझी घ्या. मागं भिंतीपाशी मारुतीची बायको उभी आहे, तिला द्या आधी. तिला उद्या पण तिथं उभं राहायचंय."